अडुसष्टचं पाणी

दुपारचे दोन वाजून गेलेत. मी स्टुडिओतल्या बाकावर आडवी झालेय. याच बाकावर बसून निम्म्या गडहिंग्लजनं लग्नाआधीचे आणि लग्नानंतरचे फोटो काढून घेतले. लाकूड पाठीला टोचतंय. डोळा लागतोय असं वाटतं आणि परत उघडतो. झोप आली म्हणावं तर पंख्याचा आवाज ऐकू येतोय, आणि जागी आहे म्हणावं तर तो पंखा वीज गेल्यामुळे मघाशीच बंद पडलाय.

मला खरं तर झोप यायलाच नको. सकाळपासून डोकं फिरलंय माझं.

अक्का, माझी थोरली बहीण, जाऊन परवा वर्ष होईल. वर्षाच्या कार्याला भिंतीवर लावायला तिचा धड फोटो नाही. चाळीस वर्षं या बाईनं दुनियेचे फोटो धुतले, आणि स्वतःचा म्हणून एकच, आधार कार्डावरचा. त्यात ती पोलिसांना हवी असल्यासारखी दिसते. पण कपाटात एक न धुतलेला रोल निघाला. आमच्या दुकानाचा शेवटचा रोल, पंधरा वर्षांपूर्वीचा. त्याच्या शेपटाला अक्का आहे, दुकानाच्या पायरीवर बसून हसताना, मीच काढलेली. "ठेव, धुतो मी सवडीनं," म्हणाली होती. ती सवड तिला कधी झाली नाही.

म्हणून मी ठरवलं, हा रोल आपण धुवायचा. काल बाटल्यांतून पावडरी काढल्या, सोनाराच्या काट्यावर तोलल्या, कोमट पाण्यात एकेक विरघळवली आणि घट्ट पाणी तयार करून रात्रभर निवत ठेवलं. आज त्यात साधं पाणी घालून पातळ करायचं आणि रोल त्यात सोडायचा, एवढंच राहिलं होतं. किती पाणी घालायचं ते मला पाठ होतं. एकास तीन. एक भाग घट्ट, तीन भाग साधं. अक्कानंच सांगितलं होतं, मी तेवीस वर्षांची असताना. किती मिनिटं ठेवायचा तेवढं बघायला मी बाबांची जुनी वही उघडली.

अक्काच्या अक्षरात, तिच्या त्या जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलंय: 'रोल. तिनांत एक. दहा मिनिटं. अडुसष्ट.' खाली साल १९७९.

अडुसष्ट म्हणजे पाणी किती गार हवं ते. जुन्या थर्मामीटरवरचे फॅरनहाइटचे आकडे. ते मला ठाऊक होतं. पण तिनांत एक?

रोल धुवायच्या आमच्या डब्यात सहाशे मिली मावतं. तिनांत एक म्हणजे दोनशे घट्ट आणि चारशे पाणी. एकास तीन म्हणजे दीडशे घट्ट आणि साडेचारशे पाणी. ऐकायला दोन्ही सारखंच. फरक टपरीवरच्या अर्ध्या चहाएवढा. पण त्या अर्ध्या चहानं रोल फिका पडतो, आणि माझा पडला होता. घरात नव्हे, कोल्हापुरात, परक्या माणसांसमोर, नोकरीच्या परीक्षेत.

म्हणजे अक्काला १९७९ सालीच खरं माप ठाऊक होतं. मला तिनं १९८३ साली दुसरंच सांगितलं. सकाळपासून मी एवढंच घोकतेय. मापाचा ग्लास धुऊन पंचावर पालथा घातला, वही मिटली, आणि रोल धुवायचा की गटारीत टाकायचा ते ठरेना म्हणून इथं येऊन पडले.

समोर बाबांनी सांगलीच्या पेंटरकडून रंगवून घेतलेला पडदा आहे. पडद्यावर जिना. संगमरवरी, बाकदार, आणि वर कुठंच न जाणारा. लहानपणी मी त्याला नाक लावून बघायची, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते.

जिन्यावरून कुणीतरी उतरतंय.

चपलांचा आवाज आधी येतो, मग पाय दिसतात. पाचवारीवर बाबांचा जुना शर्ट, पोटाशी तपकिरी डाग पडलेला. हातात ॲल्युमिनियमचं पातेलं. शेवटच्या पायरीवर ती थांबते, कारण शेवटची पायरी पेंटरनं अर्धीच रंगवलीय, आणि मग पडद्याबाहेर पाय टाकते. जमिनीवर.

"झोपलीस व्हय, सुमे? दुकान उघडं टाकून?"

"बंद केलंय दुकान," मी म्हणते. "तू गेलीस."

"गेलो ते गेलो. पण गिऱ्हाईक आलं तर?"

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, आलो गेलो, पुरुषांसारखं. मीही तशीच बोलते. पुण्याकडची माणसं हसतात. मला मात्र आज ते ऐकतच राहावंसं वाटतं, कारण वर्षभरात माझ्याशी असं कुणी बोललेलंच नाही.

"अक्का, मला तुला विचारायचंय."

"विचार की. आधी हे धर."

ती पातेलं माझ्या हातात देते आणि आम्ही डार्करूममध्ये आहोत. लाल दिवा लागलाय. कुणी लावला ते कळत नाही. टेबलावर सोनाराचा काटा, बाटल्या, शिंगाचा चमचा. अक्का पातेल्यात ऊन पाणी ओतते, कोपर बुडवून बघते, बाळाच्या आंघोळीला बघतात तसं.

"पैलं काय?" ती विचारते.

हे मला झोपेतही येतं. झोपेतच आहे मी. "चिमूटभर सल्फाइट. मग मेटॉल. मेटॉल पुरतं विरघळलं की उरलेलं सल्फाइट. मग हायड्रोक्विनोन. शेवटी बोरॅक्स."

"आणि चिमूट आधी का?"

"मेटॉल एकटं पाण्यात टाकलं की काळं पडतं."

"आणि सगळं सल्फाइट आधी टाकलं तर?"

"मेटॉल रुसतं. विरघळत न्हाई. वर तरंगतं नुसतं."

"आता कसं," अक्का म्हणते आणि माझ्या गालावरून ओला हात फिरवते. "बाबांच्या पश्चात तुझ्यासारखा मिसळणारा हात या तालुक्यात न्हाई."

हे ती नेहमीच म्हणायची. मिसळणारा हात. कालपर्यंत मला ते कौतुक वाटायचं. पावडरी मी मिसळायच्या, प्रिंट मी काढायच्या, डाग ब्रशनं मी बुजवायचे. फक्त रोल ती धुवायची. बाबांचा नियम होता तसा: रोल एकाच हातानं धुवायचा. बाबा गेल्यावर तो हात तिचा झाला.

"मग धुणारा हात का न्हाई म्हणालीस कधी?"

ती चमच्यानं ढवळत राहते. पातेल्यात ढवळल्याचा आवाज येत नाही.

"चिमूट टाक," ती म्हणते.

मी बाटलीकडे वळते आणि बाटली टेबलावर नाही, एका लांबलचक पांढऱ्या ओट्यावर आहे. वर ट्यूबलाइट. कोल्हापुरातला छापखाना. त्यांना डार्करूमसाठी माणूस हवा होता, बाई चालेल असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं. महिना साडेपाचशे आणि राहायला मागं एक खोली. माझी ती खोली मनातल्या मनात सारवूनसुद्धा झाली होती. ओट्याशी आम्ही चौघं. तीन बाप्ये आणि मी. पलीकडे परीक्षा घ्यायला पुण्याहून आलेले करंदीकर, पांढरी विजार, बोटांत पेन्सिल.

भिंतीला टेकून अक्का बसलीय. सूप मांडीवर, डाळ निवडतेय. करंदीकरांना ती दिसत नाही, किंवा दिसूनही काही वाटत नाही.

"सुरुवात करा," ते म्हणतात.

मी करते. माझं मिसळणं बघायला करंदीकर दोनदा थांबतात. पहिल्या चिमटीला त्यांची भुवई वर जाते. शेजारच्या माणसानं सगळं सल्फाइट आधी ओतलंय आणि आता त्याचं मेटॉल तरंगतंय, शिळ्या दह्यासारखं. मला हसू येतं. नोकरी मिळालीच समजा, माझी मलाच खात्री आहे. मी सहाशेच्या डब्यासाठी माप घेते. दीडशे घट्ट. साडेचारशे पाणी. थर्मामीटर बुडवते.

"किती?" करंदीकर विचारतात.

"अडुसष्ट."

"बरोबर अडुसष्ट?"

"बरोबर."

मी स्वतः बघतेय. पाऱ्याची रेघ अडुसष्टवर, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. आणि हे मला आत्ता, या बाकावर पडल्यापडल्या, इतकं स्वच्छ दिसतंय की मला ओरडावंसं वाटतं. भिंतीशी अक्का डाळीतला खडा उचलते आणि बाजूला टाकते. तिनं मान वर केलेली नाही.

"अक्का, सांग त्यांना," मी म्हणते. "तिनांत एक सांग. अजून ओतलं न्हाई मी."

ती दुसरा खडा शोधतेय.

"अक्का!"

करंदीकर रोल उजेडात धरतात. एवढ्या लवकर? दहा मिनिटं झालीसुद्धा. रोलवर माणसं आहेत की ढग, कळत नाही. पेजेचं पाणी सांडावं तसं सगळं फिकट. करंदीकर वाईट माणूस नाहीत. ते खरोखर वाईट वाटून म्हणतात, "बाई, मिसळलंत लोण्यासारखं, आणि केलंत त्याचं ताक?"

तिघं बाप्ये हसतात. ज्याचं मेटॉल तरंगलं तोही हसतो.

मी खाली मान घालते, आणि खाली बसचा पत्रा आहे. कोल्हापूरहून परतीची एस.टी. खिडकीला काच नाही. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंय असं मी समोरच्या बाईला वाटू देतेय. मागच्या सीटवरून दोन हात माझ्या डोक्यावर येतात. कोमट तेल. अक्का माझी वेणी सोडते, बोटांनी तेल जिरवते, हळू, कानामागून मानेपर्यंत. तसं तेल ती मला आई गेल्यापासून घालत आली. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची, ती अठराची.

"पाणी थंड असेल, सुमे," ती म्हणते.

"अडुसष्ट होतं."

"त्यांचा थर्मामीटर बिघडला असेल. माघाचं पाणी कधी अडुसष्ट असतंय? थंडच असणार."

"मी बघितलंय, अक्का."

"दमली होतीस. दिसलं असेल तसं. पाणीच थंड होतं बघ."

किती वेळा म्हणाली असेल ती हे? त्या रात्री म्हणाली. महिन्यानं म्हणाली. सत्तावन्नाव्या वर्षी माझा गुडघा गेला तेव्हासुद्धा, का कोण जाणे, विषय निघाला आणि म्हणाली. आणि मी? माझ्या डोळ्यांनी बघितलेला पारा मी खोटा ठरवला आणि हिचं तोंड खरं मानलं. परत कुठं अर्ज केला नाही. रोलला परत हात लावला नाही. कुणी विचारलंच तर सांगायची, "रोलचं अक्का बघते, माझा हात फिका आहे." हसत सांगायची, वर.

मी तिचे हात डोक्यावरून झटकून टाकते. तेल माझ्या गालावर ओघळतं.

"हात लावू नकोस मला."

"बरं," अक्का म्हणते.

बस नाही. हिरण्यकेशीचा काठ आहे, आमचा धुण्याचा दगड. पण नदीवर दोऱ्या बांधल्यात, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि दोऱ्यांवर रोल वाळत घातलेत, शेकड्यांनी. चिमटे लावलेले. वाऱ्यावर हलतायत. सगळ्यांत माणसं उलटी, केस पांढरे आणि तोंडं काळी. नवरा-नवरी, बारशी, पासपोर्ट. अक्का गुडघाभर पाण्यात उभी आहे आणि एकेक रोल नदीत खळबळून काढतेय.

मी दगडावर बसते. पाय सोडत नाही पाण्यात.

"वही सापडली मला," मी म्हणते.

"कुठली?"

"उगीच कुठली म्हणू नकोस. तिनांत एक."

तिचे हात थांबतात. पाठ माझ्याकडे आहे. शर्टाची कॉलर उसवलीय, ती मी शिवायची म्हणत होते आणि राहिलीच.

"चुकून बोललीस?" मी विचारते. मला वाटतंय तिनं हो म्हणावं. आत्तासुद्धा वाटतंय. तिनांत एक आणि एकास तीन, माणूस घाईत चुकतंच की. तिनं नुसतं 'व्हय गं, जीभ घसरली' म्हटलं असतं तर मी घरी जाऊन पुरणाचा बेत केला असता. "सांग ना अक्का. चुकून?"

"न्हाई," अक्का म्हणते.

दोरीवरचे रोल हलतात. कुठंतरी चिमटा सुटून पाण्यात पडतो.

"तू मुद्दाम केलंस."

"व्हय."

"मला नापास करायला."

"घरी आणायला."

केवढ्या सहज म्हणते ती. जसं काही मी शाळेत अडकले होते आणि ती छत्री घेऊन आली.

"सहा वर्षांची असल्यापासून सांभाळलंस मला, ठाऊक हाय. दोन स्थळं मोडलीस माझ्यापायी, तेही ठाऊक हाय, साऱ्या गल्लीला ठाऊक हाय. पण म्हणून?"

"मेटॉल एकटं पाण्यात टाकलं की काळं पडतं. तूच म्हणालीस आत्ता."

"मी मेटॉल न्हाई!" माझा आवाज नदीवरून जाऊन परत येतो. "मी माणूस हाय. मला एकटीला राहायचं होतं त्या खोलीत. काळी पडलो असतो तर पडलो असतो."

"आणि मी?" अक्का वळते. तिचं तोंड मला दिसत नाही, मागं ऊन आहे. "बाबा न्हाई. तू न्हाई. त्या काळ्या खोलीत मी एकटी. दिवसभर दुसऱ्यांची बारशी धुवायची आणि संध्याकाळी एका माणसाची भाकरी थापायची. मी काय करणार होतो, सांग?"

"मग थांब म्हणायचं होतंस!"

ती हातातला रोल परत पाण्यात बुडवते.

"एवढं एकच म्हणायचं होतंस, अक्का. सुमे, जाऊ नकोस. तू थांब म्हणाली असतीस तर थांबलो असतो मी. देवाशप्पथ थांबलो असतो."

"ठाऊक होतं," ती म्हणते. "म्हणूनच म्हणालो न्हाई."

मला कळत नाही. मग ती सांगते, रोल पिळत, धुण्याच्या गप्पा सांगाव्यात तशा आवाजात.

"तू थांबली असतीस, आणि जलमभर खापर माझ्या डोक्यावर फोडलं असतंस. अक्कापायी राहिलो म्हणाली असतीस. भाकरी वाढताना म्हणाली असतीस. मला ते सोसलं नसतं. आता कसं, पाण्यावर फोडलंस. पाण्याला काय, लागतं थोडंच?"

मी तिच्याकडे बघत बसते. चौसष्ट वर्षांची म्हातारी बाई मी, दगडावर उकिडवी बसलेय, आणि मला हुंदका येत नाही, नुसती धाप लागते. फसवलं याचंसुद्धा एवढं नाही. तिनं ते किती नीट तोललं होतं. सोनाराच्या काट्यावर तोलावं तसं. एका पारड्यात मी, एका पारड्यात तिची भाकरी, आणि काट्याला समजूही दिलं नाही.

"पाण्यावर न्हाई फोडलं, अक्का," मी म्हणते. "माझ्या हातावर फोडलं. चाळीस वर्षं."

हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या हातातला रोल सुटतो आणि वाहत जातो. ती त्याच्यामागं जात नाही. बाबांच्या शर्टाला हात पुसते, पुसत राहते, डाग निघणार नाहीत हे माहीत असून.

"तू तर हसत सांगायचीस," ती म्हणते. "हात फिका हाय म्हणून."

"मग काय रडत सांगू?"

ती पाण्याबाहेर येते. माझ्यासमोर उभी राहते, पायांतून पाणी निथळतंय, आणि तिच्या पायांखाली डार्करूमची फरशी आहे. लाल दिवा. टेबलावर माझी घट्ट बाटली, काल भरलेली. बाजूला पंचा, त्यावर मापाचा ग्लास पालथा. कोपऱ्यात रोलची डबी. सगळं मी ठेवलंय तसंच.

"माझा रोल तू धुणार?" ती विचारते.

"धुवायचाय. परवा तुझं वर्षाचं हाय. भिंतीवर लावायला फोटो न्हाई."

"आधार कार्डाचा लाव की."

"त्यात तू चोर दिसतेस," मी म्हणते, आणि म्हणून झाल्यावर आम्ही दोघीही एकमेकींकडे बघतो. हसू तिला आधी फुटतं. मला नाही. मी ओठ दाबून धरलेत. तिच्या हसण्यावर मी आयुष्यभर विरघळत आले, आज नाही विरघळायचं.

"एकच रोल हाय," मी म्हणते. "बिघडला की संपलं. दुसऱ्यांदा धुता येत न्हाई. आता खरं सांग. किती पाणी?"

अक्का ग्लासाकडे बघते. बाटलीकडे बघते. माझ्या तोंडाकडे बघत नाही. तेव्हाही बघितलं नव्हतं. मला आठवतंय, परीक्षेच्या आदल्या दिवशी ती चुलीपाशी बसली होती आणि जाळ पुढं सारत बोलली होती.

"एकास तीन," ती म्हणते.

तोच आवाज. अगदी तोच.

"अजून?" मी म्हणते. "मेल्यावरसुद्धा?"

"फिकाच येऊ दे, सुमे. कशाला एवढं स्वच्छ दिसायला पाहिजे मी? लोक बघतील. तू रोज बघशील."

"मला बघायचंय! जिनं फसवलं तिचं तोंड मला नीट बघायचंय!"

मी दाराची कडी ओढते. डार्करूमचं दार रोल बाहेर असताना उघडायचं नसतं, हे मला बाळपणापासून ठाऊक आहे, तरी मी ओढते, आणि उजेड आत येतो. अक्का दोन्ही हात तोंडावर घेते. उजेडात तिचा शर्ट पांढरा होत जातो, मग कडा, मग हात. शेवटी नुसता पडद्यावरचा जिना राहतो.

पंखा फिरतोय. वीज आलीय.

मी उठून बसते. तोंडाला कोरड, मानेखाली घाम. रस्त्यावरून उसाची रिकामी ट्रॉली खडखडत जाते. घड्याळात तीन वाजायला दहा कमी. मी बाराला शटर अर्धं ओढून घेतलं होतं, ते तसंच आहे. म्हणजे कुणी आलेलं नाही.

पाय ओढत डार्करूममध्ये जाते. दार उघडंच आहे, मी सकाळी उघडंच टाकलं होतं. रोल डबीत आहे, डबीचं झाकण घट्ट. देवाची कृपा.

पंचावर मापाचा ग्लास सरळ उभा आहे.

मी पालथा घातला होता. पालथाच घालते मी, अक्कानंच लावलेली सवय. आणि त्यात पाणी आहे. मी चष्मा शोधते, तो गळ्यातच असतो. ग्लास हातात न घेता, खाली वाकून, डोळे रेषेच्या बरोबरीला आणून बघते, बाबांनी शिकवलं तसं.

चारशे.

साडेचारशे नाही. चारशे. केसभर वर नाही, खाली नाही.

मला एकदम एवढा राग येतो की ग्लास उचलून मोरीत ओतावा. तोंडानं एकास तीन आणि हातानं हे. सांगायला नको, नुसतं ठेवून जायचं, चुलीपाशी ताट झाकून ठेवावं तसं. भांडण झालं की ती असंच करायची. बोलायची नाही, पण सकाळी माझ्या कपात साय जास्त असायची. आणि मी ती खायची, आणि भांडण संपायचं. आज मी खाणार नाही. चाळीस वर्षांपूर्वी हे चारशे दाखवायला काय झालं होतं तुला?

मग मी स्वतःला समजावते. म्हातारपण आहे. झोपेत उठले असेन मीच. सकाळी वहीत तिनांत एक वाचलं, ते डोक्यात घोळत होतं, हातानं भरलं असेल. माझ्याच हातानं. तसं असेल तर पाणी टाकीचं असणार. गच्चीवरच्या टाकीचं पाणी एप्रिलात चटका देतं, त्याला गार करायला बर्फ लागतो, आणि बर्फ मी अजून आणलेला नाही. तो शेजारच्या सोड्याच्या दुकानातून संध्याकाळी आणायचा होता.

मी थर्मामीटर त्याच्या खोळीतून काढते. तो ग्लासाच्या काठावर किणकिणतो. खोलीतल्या उकाड्यानं पारा चौऱ्याण्णववर आहे. पाण्यात बुडवते आणि वाट बघते. नव्वद. ऐंशी. रेघ सावकाश उतरते, पंचाहत्तर, सत्तर, आणि तिथून पुढं आणखी थोडी.

थांबते.

मी चष्मा पुसते आणि परत बघते. या वेळी मी पाऱ्यावर विश्वास ठेवणार आहे.

अडुसष्ट.

"अक्का," मी रिकाम्या डार्करूमला मोठ्यानं सांगते, "पाणी थंड नव्हतं."